नाव न घेतलेला सोबती : ‘स्टँड बाय मी’चा प्रवास

१९६४ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने एक छोटी तबकडी बाजारात आणली. तिच्यावर एक प्रेमगीत होते आणि गायक म्हणून नाव छापले होते कॅशियस क्ले. हा गायक नव्हता, मुष्टियोद्धा होता. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला मायामीत सनी लिस्टनला हरवून तो हेवीवेट जगज्जेता झाला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर त्याने आपण इस्लाम स्वीकारल्याचे सांगितले आणि ६ मार्चला इलायजा मुहंमद यांनी त्याला नवे नाव दिले, मुहम्मद अली. म्हणजे तबकडीवरचे नाव तो टाकून देत होता आणि गाणे मात्र त्याच नावाने विकले जात होते. आवाज बेताचाच. सूर मधूनमधून हातातून निसटतो. पण ज्या गाण्याची निवड झाली होती ते ऐकताना, पुढच्या चार वर्षांत या माणसाच्या वाट्याला काय आले हे ठाऊक असलेला श्रोता थोडा थबकतो.

गाणे होते ‘स्टँड बाय मी’. मराठीत सांगायचे तर ‘माझ्या पाठीशी उभा राहा’. की ‘उभी राहा’? मराठीला इथे निवड करावीच लागते. इंग्रजीला करावी लागत नाही. फारसीलाही नाही, कारण तिच्या सर्वनामांना आणि क्रियापदांना लिंगच नाही. म्हणून तर फारसी गझलेतला माशूक कधी स्त्री असतो, कधी मुर्शिद, कधी खुद्द परवरदिगार, आणि तो नेमका कोण हे विचारणारा मैफलीत अडाणी ठरतो. या अमेरिकन गाण्याचे सामर्थ्य अशाच एका मोकळ्या ठेवलेल्या जागेत आहे. ज्याला हाक मारली आहे त्याचे नाव गाण्यात नाही. त्यामुळे गेल्या साठाहून अधिक वर्षांत शेकडो गायकांनी हे गाणे गायले आणि प्रत्येकाने त्या जागेवर आपापला सोबती उभा केला.

सुरुवातीला त्या जागेवर अल्ला होता. ख्रिस्ती माणूस म्हणेल, प्रभू होता. चार्ल्स अल्बर्ट टिंडली या कृष्णवर्णीय पाद्र्याने १९०५ मध्ये याच नावाचे एक प्रार्थनागीत लिहिले. टिंडलीचा जन्म १८५१ चा, मेरीलँड राज्यातला. वडील गुलाम, आई स्वतंत्र; आई स्वतंत्र म्हणून मुलगा कायद्याने स्वतंत्र. फिलाडेल्फियातील ज्या चर्चमध्ये तो झाडलोट करायचा, त्याच चर्चचा तो पुढे प्रमुख पाद्री झाला. आपल्याकडे शाळाशाळांतून म्हटले जाणारे ‘हम होंगे कामयाब’ ज्या इंग्रजी गीतावरून आले, त्याच्या मुळाशीही टिंडलीचेच एक गीत असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. आयुष्याच्या वादळात, छळणूक होत असताना, म्हातारपणी, तू माझ्या पाठीशी राहा, असे त्याच्या १९०५ च्या प्रार्थनेचे मागणे आहे. ज्या समाजाच्या पाठीशी न कायदा होता न पोलीस, त्याची ही दुआ होती. झुंडीने माणसे झाडाला लटकवण्याचे प्रकार अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा सर्रास होत होते. ती पार्श्वभूमी विसरून हे गाणे ऐकले की ते केवळ गोड वाटते.

ही प्रार्थना चर्चमधून गॉस्पेल गायकांकडे आली. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिसंगीत. टाळ्या, हुंकार, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. कव्वाली ऐकणाऱ्या कानाला ते परके वाटत नाही. ‘सोल स्टरर्स’ नावाच्या प्रसिद्ध गॉस्पेल संचासाठी सॅम कुक आणि जे. डब्ल्यू. अलेक्झांडर यांनी याच विनवणीवर नवे गीत रचले. त्यात ‘पिता’ असे स्पष्ट संबोधन होते.

सॅम कुकचे नाव इथे महत्त्वाचे आहे. तो याच संचाचा लाडका गायक होता. लौकिक प्रेमगीतांकडे वळताना त्याने आपल्याच एका भक्तिगीताचे शब्द बदलून त्याचे प्रेमगीत केले आणि ती तबकडी डेल कुक या खोट्या नावाने काढली. चर्चमधला श्रोता दुखावेल ही भीती होती. आवाज लपला नाही, लोकांनी ओळखलाच. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, रे चार्ल्सने एका भक्तिगीताच्या चालीवर स्त्रीविषयीचे गाणे बांधले तेव्हा देवाचे संगीत बाजारात आणल्याबद्दल त्याच्यावर कडक टीका झाली होती.

हा वाद आपल्या वाचकांना नवा नाही. खानकाहमधली कव्वाली पडद्यावर गेली तेव्हा आपल्याकडेही हेच बोलले गेले, आणि संगीत मुळात जायज की नाजायज यावर तर शतकानुशतके वाद आहे. माझे मत विचाराल तर, चर्चमधल्या त्या टीकाकारांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे जवळजवळ काहीच नव्हते, त्यांची ती एकच ठेव होती आणि तीही विकायला निघालेली त्यांना दिसत होती. भीती खोटी नव्हती. ती ठेव विकली जाणार होती आणि पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच खिशात जाणार होता.

आता दुकानदारांकडे वळू, कारण त्यांतला एक आपल्या दृष्टीने विशेष आहे. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने रूढ केले. त्याआधी कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी सरळ ‘वंशाच्या तबकड्या’ या अर्थाच्या शीर्षकाखाली छापली जाई. ते नाव सुचवणारा जेरी वेक्सलर पुढे अटलांटिक या कंपनीत भागीदार झाला. आणि अटलांटिकचा संस्थापक होता अहमद एर्तेगुन, इस्तंबूलमध्ये १९२३ साली जन्मलेला तुर्की मुसलमान. त्याचे वडील मुनीर एर्तेगुन वॉशिंग्टनमध्ये तुर्कस्तानचे राजदूत होते. अहमद आणि त्याचा थोरला भाऊ नसुही यांना जॅझचे वेड. ते कृष्णवर्णीय वादकांना राजदूताच्या निवासस्थानी बोलावत, एकत्र जेवत, वाजवत. वॉशिंग्टन तेव्हा वर्णभेदाने चिरलेले शहर होते. दक्षिणेकडच्या एका सिनेटरने राजदूतांना तक्रारीचे पत्र पाठवले की तुमच्याकडे काळी माणसे पुढच्या दाराने येताना दिसतात. आमच्या घरी मित्र पुढच्या दारानेच येतात, तुम्ही आलात तर मागच्या दाराची सोय करता येईल, अशा आशयाचे उत्तर गेले, असा किस्सा एर्तेगुन बंधू सांगत असत.

१९४४ मध्ये मुनीर एर्तेगुन वॉशिंग्टनमध्येच वारले. राजधानीत जनाजाची नमाज पढायला मशीद नव्हती. मय्यत दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, ‘मिसूरी’ या युद्धनौकेवरून इस्तंबूलला नेण्यात आली. इजिप्तचे राजदूत आणि एक पॅलेस्टिनी बांधकाम व्यावसायिक यांच्यात त्या वेळी ही उणीव बोलली गेली, आणि तिथून निघालेल्या प्रयत्नांतून वॉशिंग्टनचे इस्लामिक सेंटर उभे राहिले. १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला होते. अहमद मात्र तुर्कस्तानला परतला नव्हता. घराण्याच्या दंतवैद्याकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन त्याने १९४७ मध्ये हर्ब एब्रॅमसनबरोबर अटलांटिक सुरू केली.

आपला माणूस परदेशात मोठा झाला की आपण लगेच त्याची तसबीर भिंतीवर टांगतो. म्हणून दुसरी बाजूही नोंदवायला हवी. रूथ ब्राऊन या गायिकेच्या तबकड्यांवर अटलांटिक इतकी उभी राहिली की कंपनीला ‘रूथने बांधलेले घर’ म्हणत. तीच रूथ ब्राऊन साठच्या दशकात पोट भरण्यासाठी घरकाम करत होती, शाळेची बस चालवत होती. रॉयल्टीची विचारणा केली की ध्वनिमुद्रणाचा खर्च तुमच्याच खात्यावर बाकी आहे, असे उत्तर मिळे. ती वर्षानुवर्षे लढली. अखेर १९८८ मध्ये कंपनीने तिच्यासह जुन्या कलावंतांची ती कागदी कर्जे माफ केली, मागील वीस वर्षांची रॉयल्टी दिली आणि गरजू कलावंतांसाठी निघालेल्या प्रतिष्ठानला मोठी रक्कम दिली. पुढच्या दाराने आत घेणे आणि हिशेब चोख ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच कंपनीत बेंजामिन अर्ल नेल्सन नावाचा तरुण गात होता. जन्म १९३८, नॉर्थ कॅरोलायनातील हेंडरसन गावी. नऊ वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेला. १९५८ मध्ये ‘ड्रिफ्टर्स’ या संचाच्या व्यवस्थापकाने जुन्या सगळ्या गायकांना काढून टाकले आणि नेल्सनच्या संचाला तेच नाव चिकटवून उभे केले. नाव व्यवस्थापकाचे, गायक पगारी. तबकड्या लाखांनी खपत आणि गायकांना आठवड्याचा ठरलेला पगार. नेल्सनने जास्त पैसे मागितले, मिळाले नाहीत, १९६० मध्ये तो बाहेर पडला आणि बेन ई. किंग हे नाव घेऊन एकटा गाऊ लागला.

‘स्टँड बाय मी’चा मुखडा त्याने चर्चमधल्या जुन्या प्रार्थनेवरून रचला होता. आधी ते ड्रिफ्टर्ससाठी देऊ केले, व्यवस्थापकाने नाकारले. २७ ऑक्टोबर १९६० रोजी जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीने त्याचे ध्वनिमुद्रण केले. ‘स्पॅनिश हार्लेम’ हे दुसरे गाजलेले गाणेही त्याच दिवशीचे. स्टोलरने खर्जातल्या तंतुवाद्याला, डबल बेसला, एक छोटी फिरती सुरावट दिली. गाण्याला सुरुवात तीच करते. लॉइड ट्रॉटमनच्या बोटांखालून ते दोन-चार सूर निघतात, मागे ट्रँगलची किणकिण आणि घासून वाजवायच्या वाद्याचा खरखर आवाज, आणि बराच वेळ दुसरे काहीच नाही. एखादा माणूस रात्री एकटा चालत असावा तशी ती लय आहे. मग गळा येतो, आणि व्हायोलिनांचा ताफा त्याहूनही उशिरा.

शब्दांत ‘पिता’ नाही, ‘प्रभू’ नाही. त्या जागी ‘प्रिये’ अर्थाचे एक संबोधन आले आहे, तेही चालता चालता. पण आजूबाजूचे चित्र जसेच्या तसे राहिले : अंधार, ढासळणारे आकाश, समुद्रात कोसळणारे डोंगर. हे डोंगर बायबलच्या शेहेचाळिसाव्या स्तोत्रातून आले आहेत. आपण ज्या ग्रंथाला जबूर म्हणतो त्याच परंपरेतले हे स्तोत्र. कयामतीच्या वर्णनात पर्वत जागचे हलण्याची प्रतिमा तर आपल्या मनात लहानपणापासून रुजलेली असते. प्रेयसी सोबत असावी एवढेच मागणाऱ्या गाण्यात कयामत कशाला हवी? पण तीच काढून टाकली असती तर ते इतर हजार प्रेमगीतांसारखे झाले असते. १९६१ मध्ये ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत चौथ्या क्रमांकावर गेले.

देवाचे नाव गाण्यातून वगळले गेले, पण किंगचे नाव मात्र कागदावर आले. गीतकार-संगीतकार म्हणून तबकडीवर दोन नावे होती : किंग आणि एल्मो ग्लिक. एल्मो ग्लिक नावाचा कोणी माणूस नव्हता. लीबर आणि स्टोलर यांनी घेतलेले ते टोपणनाव. किंगचे नाव तिथे असण्याचा अर्थ कळण्यासाठी ‘कव्हर’ म्हणजे काय हे पाहावे लागेल. दुसऱ्याने आधी गायलेले गाणे पुन्हा गाऊन तबकडी काढणे म्हणजे कव्हर. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने, गाणे एकदा ध्वनिमुद्रित झाले की कोणालाही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची मुभा दिली. अट एकच, प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट रचनाकाराच्या बाजूला द्यायचे. आधीच्या गायकाला, वादकाला काहीही नाही.

पन्नासच्या दशकात या कायद्याचा फायदा कोणी घेतला ते जगजाहीर आहे. कृष्णवर्णीय गायकाची तबकडी गाजू लागली की एखादा गोरा गायक आठवड्याभरात तेच गाणे गाई, आणि रेडिओ केंद्रे ते वाजवीत. फॅट्स डॉमिनोचे गाणे पॅट बूनच्या नावावर अमेरिकाभर पसरले. अटलांटिकचीच लाव्हर्न बेकर हिचे ‘ट्वीडल डी’ जॉर्जिया गिब्सने १९५५ मध्ये जवळजवळ नक्कल करून गायले आणि मूळ तबकडीपेक्षा जास्त खपवले. बेकरने चिडून डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना कायदा बदलण्यासाठी लिहिले. काही झाले नाही. गळ्याच्या हरकतींवर, गाण्याच्या मांडणीवर मालकी नसते, रचनेवर असते, आणि बेकरचे नाव रचनेत नव्हते.

आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात ‘व्हर्शन’च्या नावाखाली मरहूम रफीसाहेबांची गाणी नव्या गळ्यांतून स्वस्तात विकली गेली, तेव्हा १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातली अशीच तरतूद वापरली गेली. साठच्या दशकात लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मागितली आणि मानधन मिळाले की आपला हक्क संपला, असे रफीसाहेबांनी म्हटले, हे सर्वज्ञात आहे. त्यांच्या भलेपणाबद्दल शंका नाही. हिशेबाबद्दल मात्र दीदी बरोबर होत्या.

बेन ई. किंगचे नाव रचनेत होते. म्हणून पुढे जगात कुठेही, कोणीही हे गाणे गायले की थोडा का होईना, त्याचा वाटा त्याच्याकडे येत राहिला. ज्या समाजातल्या कलावंतांची गाणी दशकानुदशके फुकटात उचलली गेली, त्याच्यात हे क्वचित घडले.

गाणाऱ्यांमध्ये पहिला मोठा चमत्कार इटलीत झाला. आद्रियानो चेलेंतानो या लोकप्रिय गायकाने १९६२ मध्ये ‘प्रेगेरो’ या नावाने ते गायले. अर्थ, ‘मी दुआ करीन’. इटालियन शब्द अगदी वेगळे आहेत : अंध मुलगी, देवावरचा तिचा विश्वास उडालेला, आणि तिच्यासाठी देवाची प्रार्थना करणारा प्रियकर. इटलीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. चर्चमधून निघालेले गाणे वर्षभरात पुन्हा श्रद्धेच्या विषयावर परतले, तेही ज्याच्या शब्दांत देवाचे नाव उरले नव्हते त्याच्या पाठीवर बसून.

मग अली. मायामीच्या त्या रात्री कुस्तीगिरांसारख्या गर्दीत सॅम कुक होता, माल्कम एक्सही होते. जिंकल्यावर गोंधळात अलीने कुकला रिंगमध्ये बोलावून घेतले आणि जगातला सर्वांत मोठा गायक म्हणून त्याची ओळख करून दिली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कुक लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून मेला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम एक्सचा खून झाला. त्याआधीच इलायजा मुहंमद यांच्या संघटनेशी निष्ठा राखताना अलीने या मित्राकडे पाठ फिरवली होती, आणि त्याची खंत त्याने पुढे आत्मचरित्रात मांडली. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यभरती नाकारल्यावर अलीचे जगज्जेतेपद काढून घेतले गेले, परवाना गेला, तीनहून अधिक वर्षे तो रिंगबाहेर राहिला. सोबतीला कोण उभे राहते आणि कोण नाही, हे त्याने दोन्ही बाजूंनी पाहिले. पुढे १९७५ मध्ये त्या संघटनेचा वेगळा पंथ सोडून तो सुन्नी इस्लामकडे वळला. तबकडी म्हणून त्याचे ‘स्टँड बाय मी’ सुमारच. मला मात्र चांगल्या गायकांच्या डझनभर तबकड्यांपेक्षा ती अधिक काही सांगते.

ओटिस रेडिंगने ते १९६४ मध्ये गायले, आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आर्जवाने. स्पायडर टर्नरने १९६६-६७ मध्ये जॅकी विल्सन, स्मोकी रॉबिन्सन अशा नामवंतांच्या नकला करत गायले. मजेशीर प्रकार, आणि भरपूर खपला. जॉन लेननच्या १९७५ च्या तबकडीची कथा तर कायद्याचीच आहे. बीटल्सच्या एका गाण्यावर चक बेरीची छाप असल्याचा दावा त्या गाण्याच्या प्रकाशकाने लावला, तडजोड म्हणून लेननने जुनी गाणी गाण्याचे कबूल केले आणि त्यातून जुन्या गाण्यांचा संग्रह निघाला. त्यात ‘स्टँड बाय मी’ होते. पत्नी योकोपासून दुरावलेल्या काळातले ते गाणे. किंगचा आवाज सोबत मागतो तेव्हा सोबत मिळेल असा भरवसा असतो. लेननच्या गळ्यात तो भरवसा नाही, नुसता आक्रोश आहे. १९८० मध्ये मिकी गिलीने गोऱ्या दक्षिणेच्या कंट्री संगीतात ते नेले आणि त्या यादीतही ते पहिले आले. टिंडलीला हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे.

१९८६ मध्ये चार मुलांच्या मैत्रीवरच्या एका चित्रपटाने गाण्याचे नावच घेतले, मूळ तबकडी पंचवीस वर्षांनी पुन्हा निघाली आणि अमेरिकेत नवव्या क्रमांकावर आली. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्याला जीन्सच्या एका जाहिरातीचा मोठा हात लागला. दुआ, प्रेम, मैत्री आणि विजार, असा हा उतार म्हणायचा की चढ, ते ज्याने त्याने ठरवावे. किंगला मात्र उतारवयात नवा श्रोता मिळाला.

जून २००९ मधली आवृत्ती मला सर्वांत जवळची वाटते. इराणमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालावरून लाखो लोक रस्त्यावर आले होते, गोळीबार झाला होता, तरुण मुले-मुली मारली गेली होती. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा इराणी-आर्मेनियन गायक अँडी मदादियान आणि अमेरिकन रॉक गायक जॉन बॉन जोव्ही यांनी इराणी जनतेच्या पाठिंब्यासाठी ‘स्टँड बाय मी’ ध्वनिमुद्रित केले, काही भाग इंग्रजीत, काही फारसीत. बॉन जोव्हीने फारसी शब्द गायले, उच्चार अडखळत. अमेरिकन गायकांची सहानुभूती अनेकदा अमेरिकी धोरणाच्या सोयीने जागी होते, ही शंका तेव्हाही घेतली गेली आणि ती घेण्यात गैर नव्हते. तरीही गाणे त्या भाषेत गेले जिथे सोबत्याला लिंग नसते, जिथे ‘तू’ म्हणजे माशूक, मुर्शिद, मुल्क, काहीही असू शकते. आणि तेहरानच्या छतांवरून रात्री ‘अल्लाहू अकबर’च्या घोषणा ऐकू येत होत्या त्याच दिवसांत गेले.

१९ मे २०१८ रोजी विंडसरच्या चर्चमध्ये ब्रिटिश राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांच्या लग्नात कॅरेन गिब्सन यांच्या ‘किंगडम क्वायर’ या कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल वृंदाने ते गायले. वाद्ये जवळजवळ नाहीत, आवाज संथ, सामूहिक. टिंडलीच्या प्रार्थनेला पुन्हा चर्चचे छत मिळाले, मात्र मुकुटधाऱ्यांच्या उपस्थितीत.

अहमद एर्तेगुन २००६ मध्ये वारला. त्याला इस्तंबूलच्या उस्कुदार भागातील उझबेकांच्या तकियाच्या आवारात दफन केले, वडील आणि भावाशेजारी. त्याचे पणजोबा या सूफी तकियाचे शेख होते. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात ट्रेसी चॅपमनने एकटीने, एका गिटारवर, ‘स्टँड बाय मी’ गायले. ती खर्जातली प्रसिद्ध सुरावट नाही, व्हायोलिने नाहीत. महिनाभर आधी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने मूळ ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी निवडले होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला न्यू जर्सीत बेन ई. किंगचे निधन झाले. वय शहात्तर.